बैठकीतला खडक

कॉलेजच्या पहिल्या वर्षी एक मित्र मला कोकणात त्याच्या घरी घेऊन गेला. समुद्र मी तेव्हा पहिल्यांदाच पाहत होतो, पण खरं सांगायचं तर मी बघत राहिलो ते घराकडे. कड्याच्या टोकावर नव्या पद्धतीचं सिमेंटचं घर, नक्षी म्हणून कुठे नाही. कडा वळतो तिथे भिंतही वळलेली, समुद्राकडे भिंतभर काच. बैठकीत एक काळा खडक जमिनीतून वर आलेला. तो फोडलाच नव्हता. मित्राचे वडील म्हणाले, "तो आमच्या आधीपासून इथं आहे." मला हे फार आवडलं. छत सपाट होतं, त्याचं मात्र नवल वाटलं नाही. आमची माळवदं सपाटच असतात.

परतताना मोगलाईच्या, म्हणजे निजामाच्या राज्याच्या, हद्दीवर नाकेदाराला पेटी उघडून दाखवली आणि घरी पोचलो. आबा, म्हणजे माझे वडील, बीडजवळच्या कपिलधारच्या अंगाला डोंगरकडेच्या शेतात नवं घर बांधत होते. माझ्या खोलीच्या जागेत, ऐन भिंतीच्या रेघेवर, म्हशीएवढा खडक होता. सुरुंगवाला दुसऱ्या दिवशी येणार होता.

मी चाचरत म्हणालो, "आबा, खडक राहू द्या. समुद्राकाठी एक घर बघितलं, त्यात..."

"हितं कुटं समुद्र हाय?"

"दरी आहे ना. घरानं जमिनीशी जुळवून घ्यावं."

"जमिनीशी जुळवून घेन्यात जलम गेला माझा. घरात तरी नीट बसू दे की!"

बीडहून आलेले मिस्त्री हसून म्हणाले, "साहबजादे, पत्थर कू बैठक में बिठा के चाय पिलाते क्या?"

मग मी आईकडे गेलो. तिने सगळं ऐकून एवढंच विचारलं, "त्यानला पैसा हाय, मानसं हायत. मग कावून न्हाई फोडला?"

"तो त्यांच्या आधीपासून तिथं आहे. त्याला धक्का लावायचा नाही, असं मानतात ते."

आई पदर सावरून देव्हाऱ्याकडे गेली.

सकाळी जाऊन बघतो तर खडकाला शेंदूर, वर दोन झेंडूची फुलं, पुढे नारळ. सुरुंगवाल्याने चपला काढल्या, हात जोडले आणि आल्या पावली परत गेला.

आबांनी माझ्याकडे बघितलं. "कालेजात हे शिकिवतेत व्हय?"

भिंत खडकाला आत घेऊन बाहेरून वळसा घालून गेली. देवाला उजेड पाहिजे म्हणून आबांनी स्वतःच दरीकडची खिडकी हातभर रुंद करायला लावली. मला हवं होतं अगदी तसंच झालं. फक्त खोली माझी राहिली नाही. वस्तीवरच्या बाया दर्शनाला यायला लागल्या आणि माझं टेबल पडवीत गेलं.

दिवाळीत मित्र आला. वळलेली भिंत, खिडकीतून दिसणारी दरी, सगळं बघून तो हरखला. आईने खूण केल्यावर त्याने बूट काढले आणि हळूच विचारलं, "हा कोणता देव, आई?"

आईने त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

"ते तुमीच सांगा, बाबा. तुमच्याकडूनच आलाय की त्यो."