तेजवानी सरांच्या काडेपेट्या

अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्याच्या मागे आमची चाळ होती. दोन खोल्या आणि सहा माणसं. बाबा मूळचे साताऱ्याकडचे. वाटण्या होऊन होऊन शेताचा बांधच तेवढा उरला, तेव्हा इकडे आले आणि कारखान्याच्या पॅकिंग खात्यात लागले. आमचं घर घड्याळावर नाही, पाळीवर चालायचं. बाबांची रात्रपाळी असली की ते दिवसा झोपायचे, आणि आम्ही चार भावंडं दिवसभर खुणांनी बोलायचो. आई श्रावणात शिवमंदिराबाहेर बेल विकायची आणि बाकीचे अकरा महिने लोकांचे पापड लाटायची. पुढे कारखान्यातल्या धुरळ्यानं बाबांची छाती भरली. जिना चढताना मध्येच थांबायचे आणि खाली काहीतरी पडलंय अशा थाटात वाकून बघायचे. कारखान्यात एक रीत होती, तब्येतीनं सुटणाऱ्या कामगाराच्या जागी त्याचा मुलगा लागायचा. त्यामुळे मी कल्याणच्या कॉलेजात बी.एस्सी. करत होतो ते घरच्यांच्या दृष्टीनं शिक्षण नव्हतंच. वारसाचा फॉर्म भरेपर्यंत काढलेला वेळ होता तो.

हे सगळं लिहायला बसलो, कारण महिन्यापूर्वी तेजवानी सर गेले. बदलापूरच्या माझ्या घरी सकाळी फोन वाजला, पलीकडे त्यांच्या पत्नी, मोहिनी आंटी. "दत्ता, सर गए," एवढंच म्हणाल्या. त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार काय आला, ते खरं खरं सांगतो. दुःखाचा नव्हता. आता ते कुणाला काही सांगणार नाहीत, असा होता... माझी एक गोष्ट त्यांना ठाऊक आहे, असा संशय मी दहा वर्षं बाळगून होतो.

संशयावरूनच आमची ओळख सुरू झाली म्हणा. उल्हासनगरला, सिंधी निर्वासितांच्या चार नंबर कॅम्पात, एका फर्निचरवाल्याच्या माळ्यावर, लछमण तेजवानी नावाचा माणूस कॉम्प्युटर शिकवतो असं कॉलेजात कळलं. उल्हासनगर म्हटलं की आमच्या चाळीत लोक आधी हसायचे आणि मग खिसा चाचपायचे. तिकडचा माल डुप्लिकेट, हे आमच्याकडे न शिकलेल्यांनाही माहीत असायचं. मी गेलो तर माळ्यावर एक लांब टेबल, भोवती वीसेक मुलं, आणि कोपऱ्यात प्लास्टिकच्या कव्हराखाली झाकलेला कॉम्प्युटर. तो काही त्या दिवशी उघडला नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. टेबलावर होत्या रिकाम्या काडेपेट्या. प्रत्येक पेटीवर एक अक्षर, आत आकडा लिहिलेली चिठ्ठी.

"हे कॉम्प्युटरचं डोकं," सर म्हणाले. त्यांच्या मराठीत सिंधी आणि हिंदी मिसळून यायची. "एका पेटीत एकच चिठ्ठी. नवी टाकली की जुनी फेकायची. मशीनला कालचं काही याद नाही राहत, समझा? प्रोग्राम वाचा, एकेक ओळ, आणि चिठ्ठ्या बदला. शेवटी पेटीत जे राहील ते उत्तर."

मी घरी येऊन हे बाबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आरं, पेट्या बनवायला मी हाय की. त्यो सिंदी शिकवतोय का पत्ते पिसतोय?"

संशय एकट्या बाबांनाच नव्हता. वीस पोरं एका टेबलाभोवती, पेट्यांतून आकड्यांच्या चिठ्ठ्या काढतायत, टाकतायत, कुणीतरी मोठ्यानं "चौदा!" ओरडतंय... शेजारच्यांनी मटका समजून पोलिसांत वर्दी दिली. एक हवालदार जिना चढून आले. "काय रे, ओपन काय आला आज?" सरांनी त्यांना खुर्ची दिली, हातात एक पेटी दिली आणि एकपासून दहापर्यंतची बेरीज करणारा प्रोग्राम त्यांच्याकडूनच चालवून घेतला. पंचावन्न आल्यावर हवालदारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "पण ह्याच्यात मिळतं काय?" "अभी तक कुछ नहीं, साहेब," सर म्हणाले. जाताना हवालदारांनी दोन चिठ्ठ्या मुठीत घेतल्या. पुरावा म्हणून नेल्या की लावायला, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग एक दिवस बाबाच आले. इस्त्रीचा सदरा घालून, जिन्यात तीनदा थांबून. त्यांनी सरळ कोपऱ्यात जाऊन कव्हर वर केलं आणि कलिंगड वाजवावं तसा कॉम्प्युटर बोटांनी वाजवून बघितला. "साहेब, ह्यो चालतो का, नुसता पूजेला ठिवलाय?" मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. सर रागावले नाहीत. "चलता है, काका. पण कॅम्पातलं व्होल्टेज असं नाचतं की एकदा जळलाय. परत जळला तर क्लास बंद. म्हणून पोरगं आधी कागदावर चाललं पाहिजे. मग मशीन." आणि त्यांनी तो लावून दाखवला. पडद्यावर हिरवी अक्षरं आली. बाबांनी ती चष्म्याशिवाय आणि चष्म्यासकट, दोन्ही प्रकारे पाहिली. परत येताना एवढंच म्हणाले, "हाय खरा. पर मानूस कळंना."

माणूस कळेना, हे माझंही होतं. सर पूर्वी मुंबईच्या एका मोठ्या कंपनीत होते म्हणत, मग ती नोकरी सोडून माळ्यावर का आले? कुणी म्हणे काढून टाकलं, कुणी म्हणे तिथला प्रोग्राम चोरला. विचारलं तर सर चहा मागवायचे. त्यात ते 'पायरी' नावाचं चार पानांचं मासिक काढायचे, तेही मराठीत. पहिल्या पानावर जगातल्या बातम्या, नवी चिप आली, कुणी नवी भाषा काढली. आत एक धडा. शेवटी वाचकांनी धड्यात शोधलेल्या चुका, शोधणाऱ्याच्या नावासह. माझं अक्षर चांगलं म्हणून सायक्लोस्टाइलचं स्टेन्सिल मी कोरायचो आणि त्यांची मराठी सरळ करायचो. व्हायरसची बातमी पहिल्यांदा छापली तेव्हा वांगणीच्या एका वाचकाचं पत्र आलं होतं: हा रोग माणसाला लागतो काय, आमच्याकडे लहान मूल आहे. सरांनी त्याला दोन पानी उत्तर लिहिलं.

शेवटच्या वर्षाला असताना मी पाळीपत्रकाचा प्रोग्राम लिहिला. बाबांच्या खात्यात पाळ्या सुपरवायझर हातानं लावायचा आणि त्याच्या मर्जीतल्यांना रात्रपाळी कधी यायचीच नाही. माझा प्रोग्राम कुणाचं तोंड बघत नव्हता. दर सात दिवसांनी, सुट्टीनंतर, प्रत्येकाची पाळी पुढे सरकायची, बस्स. सरांनी तो वाचला, पेट्या मांडल्या, दोन तास चिठ्ठ्या बदलल्या आणि म्हणाले, "मुंबईत संगणक परिषद आहे पुढच्या महिन्यात. हा तिथे दाखवायचा."

इकडे बाबा सुटायला निघाले होते. वारसाचा फॉर्म पुढच्या महिनाअखेर द्यायचा होता. एकदा मुदत गेली की जागा गेली. मी म्हटलं, परिषद होईपर्यंत थांबा. बाबांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "थांबू. पर त्या मानसानं दगा दिला तर पोराला कुटं उबं करायचं?"

आठ दिवसांनी 'पायरी'चा पुढचा मजकूर कोरायला बसलो. परिषदेची सूचना होती: 'पाळीपत्रकाचा प्रोग्राम. सादरकर्ते: एल. तेजवानी.' मी ती तीन वेळा वाचली. माझं नाव कुठेच नव्हतं. चुका शोधणाऱ्या पोरांचीसुद्धा नावं छापणारा माणूस... मी विचारायला हवं होतं. पण आमच्या घरात कुणी कधी विचारलंच नव्हतं. सुपरवायझरलाही नाही, मुकादमालाही नाही. आम्ही गप्प बसायचो आणि मनात ठेवायचो. मी सूचना कोरली, अक्षर न अक्षर सुबक. आणि परिषदेसाठी त्यांना प्रोग्रामची स्वच्छ प्रत लिहून दिली तेव्हा एका ओळीत सातच्या जागी सहा लिहिलं.

एवढंच केलं. पण ते काय होतं ते कामगाराच्या मुलालाच कळेल. पहिले सहा दिवस पत्रक अगदी बरोबर दिसतं. सातव्या दिवशी, सुट्टी न देताच, पाळी बदलते, आणि रात्रपाळी करून सकाळी सातला सुटलेला माणूस त्याच सातला पुन्हा पहिल्या पाळीला हजर लागतो. चोरलेला माल भर सभेत उघडा पडावा, असा माझा हिशेब होता. स्वतःचं काय होईल, फॉर्मचं काय होईल, हे मनात आलं नाही असं नाही. आलं... आणि तरी केलं.

परिषदेत सरांना वीस मिनिटं होती. समोर टाय लावलेली माणसं, सगळं बोलणं इंग्रजीत. मी तिसऱ्या रांगेत आंटींच्या शेजारी. सरांनी प्रोग्राम चालू केला आणि प्रिंटरनं टर्र टर्र करत कागद बाहेर सोडला. त्यांनी तो वर धरून पूर्ण महिना मोठ्यानं वाचला. सहावा दिवस आला. सातवा दिवस, सगळ्यांची सुट्टी. आठवा, पाळी बदललेली. बरोबर. चौदा, पंधरा, बरोबर. महिना संपला. टाळ्या पडल्या आणि मला काही ऐकू येईना.

मग सर मराठीत बोलायला लागले. "नाव माझं छापलंय, कारण ज्याची संस्था नाही, डिग्री हातात नाही, त्याला परिषद बोलावत नाही. मी दोनदा विचारलं, दोनदा उत्तर 'नाही' आलं. हा प्रोग्राम दत्तात्रय शंकर माने यांनी लिहिला. वडील अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात, पॅकिंगला. माने, उभा राहा." मी उभा राहिलो नाही. आंटींनी कोपरानं ढोसलं तेव्हा राहिलो. मागून कुणीतरी विचारलं, चाचणी कशावर केली? "काडेपेट्यांवर," सर म्हणाले. "मागच्या आठवड्यात परत केली. पूर्ण महिन्याची." सभागृह हसलं. मी हसलो नाही. मागच्या आठवड्यात म्हणजे माझी प्रत मिळाल्यावर.

बाहेर आल्यावर मी वाट बघत राहिलो. आता विचारतील. ते म्हणाले, "भूक लागली? आंटीने दाल-पकवान बांधलंय." त्यानंतर दहा वर्षं, दर दिवाळीला, दर भेटीत, बोलता बोलता ते जरा थांबले की मी घाईनं विषय बदलायचो. ठाऊक आहे की नाही? ठाऊक असेल तर मनात कशासाठी ठेवलंय? माझाच स्वभाव मी त्यांना लावत होतो.

बाराव्याला गेलो तेव्हा आंटींनी 'पायरी'चं जुनं बाड माझ्या हातात दिलं. त्यात माझी ती स्वच्छ प्रत होती. सहाला लाल गोल, वर सात. खाली सरांच्या मोडक्या मराठीत तीन ओळी. 'माने असं चुकत नाही. मुद्दाम. नाव नाही छापलं, मी त्याला आधी सांगायला पाहिजे होतं. विचारायचं नाही, त्याला लाज वाटेल.'

आंटी म्हणाल्या, "क्या लिखा है? मुझे मराठी पढ़ना नहीं आता." मी सांगितलं. सगळं सांगितलं, सात आणि सहा सकट. त्या म्हणाल्या, "तो तू दस साल डरता रहा? पागल..." आणि मग आम्ही दोघंही रडलो. मी त्यांच्यासाठी पहिल्यांदाच.

लोक सरांबद्दल जे जे बोलले, त्यातलं किती खरं ते आजही मला माहीत नाही. मुंबईची नोकरी का सुटली ते त्यांनी आंटींनाही सांगितलं नव्हतं. पण माझ्यापुरतं मी सांगू शकतो. परिषदेतून परतलो त्याच आठवड्यात फॉर्मची मुदत संपली, आणि सरांनी भर सभेत नाव घेऊन मला उभं केलं हे ऐकून बाबांनी तो कोरा परत केला. जूनमध्ये मी बी.एस्सी. फर्स्ट क्लासमध्ये पास झालो. ऑगस्टमध्ये अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत प्रोग्रामर म्हणून लागलो, आणि पहिलं काम केलं ते तिथल्या चारशे कामगारांच्या पाळीपत्रकाचं.