बिनट्रकची वाट

गुलाम रसूल यांचं सायकलचं दुकान चंद्रपूरकडच्या मूल गावात, बस स्टँडजवळ होतं, पण डांबरी रस्त्यावर सायकल चालवताना त्यांना गावात कुणी पाहिलं नव्हतं. दुकानातून घरी जातानाही ते सायकल हातात धरून, गटाराच्या कडेनं चालत जायचे. नवीन माणूस हसायचा. आम्ही शेजारी हसत नव्हतो, कारण वरोऱ्याचं आम्हाला माहीत होतं.

ते मूळचे वरोऱ्याचे. तिथल्या रस्त्यावरून कोळशाचे ट्रक सारखे धावतात. लग्नाआधी एकदा धाकट्या भावाला कॅरिअरवर बसवून ते बाजारातून परत येत होते. ट्रक अंगावर आला नव्हता, जवळून गेला. रसूलभाई एका बाजूला मातीत पडले, भाऊ दुसऱ्या बाजूला डांबरावर. मागून आणखी एक ट्रक येत होता. हे त्यांनी माझ्या नवऱ्याला एकदाच सांगितलं आणि पुन्हा कधी त्याचं नाव काढलं नाही. पुढे सासरचं गाव म्हणून ते मूलला आले. ज्या सायकलीवरून भाऊ गेला, तिच्यावरच पोट होतं; ती सुटणार कशी?

मग त्यांनी ट्रक नसलेल्या वाटा शोधायला सुरुवात केली. आमच्याकडे धानाचा सपाट मुलूख आहे. नहराच्या पाळी म्हणजे कालव्याचे बांध, जुन्या तलावांच्या पाळी, बैलबंडीच्या वाटा, जंगलखात्यानं वणव्यासाठी साफ केलेल्या जाळरेषा, हे सगळं एकमेकांना जोडत गेलं तर दिवसभर सायकल चालवूनही एक मोटार दिसत नाही. रसूलभाईंनी ते जोडलं. आधी एकटे फिरायचे, मग दोघे-चौघे मागे लागले. चौऱ्याण्णव-पंच्याण्णवपासून दिवाळी ते होळी दर रविवारी सात-आठ जण त्यांच्यासोबत जायला लागले. कोणी पोस्टातला, कोणी राईस मिलवरचा. शाळेतले धनराज मास्तर कायमचे. गावात त्याला रसूलभाऊची फेरी म्हणत.

फेरीचे नियम थोडे होते. दोघांनी बाजूबाजूनं चालवायचं नाही. बंडी आली की उतरायचं, बैल बुजतात. आणि वाटेत काटा-काडी दिसली की उतरून उचलायची, कारण बोरी-बाभळीचा काटा मागच्याचं चाक पंक्चर करतो.

"आपलं चाक गेलं तं गेलं," ते म्हणायचे, "मागच्याले काऊन त्रास द्याचा?"

धनराज मास्तर त्यांना चिडवायचे, "रसूलभाऊ, पंक्चर झालं नाई तं तुमचं दुकान कसं चालंल?"

"तुमच्या एकट्याच्या सायकलवर चालते ना. ब्रेक दाबूनच चालवता. सायकल आहे का वर्ग आहे तो?"

माझी अदीबा अकरावीला गेली आणि फेरीला जायचा हट्ट धरून बसली. मी भित्री आहे. पोरगी बाजारात गेली तरी मी दारात उभी असते. पण ज्याचा भाऊ असा गेला, तो माणूस माझ्या पोरीला जपेल असं मला वाटलं. मी रसूलभाईंना बजावलं, हिला मध्ये ठेवा, पुढेही नको, मागेही नको. त्यांनी मान हलवली आणि शब्द पाळला. ते स्वतः नेहमी सगळ्यांच्या मागे राहायचे, कुणी सुटू नये म्हणून.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत, ते पुढे राहिले. मूलच्या पुढे एक मालगुजारीच्या काळातला तलाव आहे. आदल्या पावसात त्याची पाळ फुटली होती. पाळीवरून जायची जुनी वाट वळणानंतर एकदम तुटत होती आणि तिथे बेशरमाची झुडपं इतकी माजली होती की भगदाड जवळ जाईपर्यंत दिसत नव्हतं. गावातल्या लोकांनी खाली बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या शेतांतून, नवी वाट पाडली होती. ती रसूलभाईंनाच माहीत होती, म्हणून ते पुढे झाले.

फाटा आला तिथे त्यांनी जांभळीची हिरवी फांदी तोडून जुन्या वाटेवर आडवी टाकली. आमच्या जंगलाकडच्या गावांत ही खूण लहान पोरालाही कळते. आडवी हिरवी फांदी म्हणजे इकडून जाऊ नका. मोहाची फुलं वेचायला जाणारे, सरपणाला जाणारे मागच्यांसाठी अशीच फांदी टाकतात. एवढी वर्षं गावोगावी फिरून रसूलभाईंच्या अंगात ते मुरलं होतं. पण ते कायम मागे असायचे, त्यामुळे फेरीत ही खूण टाकायची वेळच कधी आली नव्हती आणि ती कुणाला सांगायचीही राहिली होती.

अदीबा फाट्यावर आली तेव्हा पुढचे दोघे तिला बांध्यांतून जाताना दिसत होते. तिला वाटेत फांदी पडलेली दिसली. ती उतरली, फांदी उचलून झुडपात फेकली आणि पुढच्यांच्या मागे गेली.

सगळ्यात मागे धनराज मास्तर होते. त्यांची चेन पडली होती. "तुम्ही व्हा पुढं, मी आलोच," असं त्यांनी सांगितलं होतं. ते फाट्यावर पोचले तेव्हा समोर कुणी दिसत नव्हतं. पाळीवरची वाट रुंद होती, ओळखीची होती. ते पाळीवर चढले.

पुढच्या गावात चहा झाला तरी मास्तर येईनात, तेव्हा सगळे उलटे फिरले. फाट्यावर रसूलभाई थांबले. जवळ फक्त अदीबा होती, बाकीचे मागे होते. "इथी फांदी टाकली होती मी."

"चाचा, ती मी उचलली," अदीबा म्हणाली. "काडी म्हणून."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते पाळीवर धावले.

मास्तर भगदाडाच्या तळाशी दगडांत पडले होते. जिवंत होते, बोलतही होते. पाय हलत नव्हते. गावातून बाज आणली, तीवर घालून त्यांना सडकेपर्यंत नेलं. तिथे निरोप मिळून मास्तरांचा खुशाल नावाचा साळा आला आणि त्यानं विचारलं, हे झालं कसं. अदीबा तोंड उघडणार तेवढ्यात रसूलभाई मध्ये आले.

"खूण टाकाची राहून गेली माझी," ते म्हणाले. "मीच विसरलो."

अदीबानं घरी येऊन मला सगळं सांगितलं. तिचे अब्बा म्हणाले, मास्तर आधी घरी येऊ देत, मग जाऊ. मास्तरांना चंद्रपूरहून नागपूरला हलवलं होतं. कमरेखालचं आता परत येणार नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

इकडे गावानं निकाल लावून टाकला होता. खुशालनं दुकानात जाऊन रसूलभाईंच्या थोबाडीत मारली, हवेचा पंप रस्त्यावर फेकला. ते हात खाली सोडून उभे राहिले. शेजारचा पानठेलेवाला म्हणाला, "भावालेही यानंच नेलं होतं, आता मास्तराले." हे वाक्य गावभर झालं. लोक सायकली दुसरीकडे नेऊ लागले. रसूलभाई दवाखान्यात गेले तर मास्तरांच्या बायकोनं, कांतानं, नातेवाइकांना सांगितलं की याला दारात उभं करू नका.

अदीबा जेवेना. होळीनंतर मास्तरांना घरी आणलं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अम्मी, मी जाते." मीही सोबत निघाले.

कांता अंगणात पाण्यात फडकी खळबळत होती. अदीबानं उभ्याउभ्याच सांगितलं. कांताचे हात थांबले.

"तू उचलली?"

"हो काकू."

"कशाले?"

"मागच्याले काही लागू नये म्हणून."

"मागं तं हेच होते," कांता म्हणाली. रागानं नाही. जणू हिशेब जुळतो का ते पाहत होती. मग तिनं फडकं पिळलं, खूप वेळ पिळलं.

आतून मास्तरांचा आवाज आला. "कोण आहे? अदीबा का? ये इकडं. पेपर कसे चालले?"

ती दारात उभी राहून रडायला लागली.

"ऐकलं मी," मास्तर म्हणाले. "मले दिसली असती तं मीही उचलली असती. रसूलभाऊनं तेच शिकवलं आपल्याले."

"तुम्ही बोलत नका बसू," कांता म्हणाली. "याईले कुशीवर घ्याची वेळ झाली. हाजराबाई, तुम्ही खांदा धरा. पोरी, तू पाय धर. घाबरू नको, त्याईले काही समजत नाई तिथी."

आम्ही तिघींनी त्यांना वळवलं. पाठीला जखमा सुरू झाल्या होत्या. निघताना कांता माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या माणसाले सांगा, उद्यापासून दुपारी ये. खुशाल वावरात जाते. मले एकटीले उचलत नाई."

मी निरोप दिला तेव्हा रसूलभाई अदीबावर उखडले. "कोणं सांगितलं होतं तुले बोलाले? माझं नाव तं गेलंच होतं. तुझं काऊन घालवलं?" आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं दार ओढून घेऊन ते गेले.

पुढे ते रोज गेले. कांता त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. हळू. पाय धरा. इकडून. मास्तर बोलायचे, तेही हळूहळू कमी झालं. फेरी पुन्हा निघाली नाही, कुणी विषयही काढला नाही. अदीबाचं नावही गावात फुटलंच. आता दोघांनाही बोल लावणारे होते. बारावीनंतर आम्ही तिला माझ्या बहिणीकडे नागपूरला ठेवलं. ती सायकलला हात लावत नाही. फोनवर मी विचारलं की जेवलीस का, तर हो म्हणते.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात मास्तर गेले. जखमा भरल्याच नाहीत, त्यांचं विष अंगभर झालं. तेराव्याला आम्हाला बोलावणं होतं. रसूलभाई मांडवाच्या टोकाला उभे होते. पंगत बसताना मास्तरांच्या भावकीतला एक जण मोठ्यानं म्हणाला, "हा कशाले आला इथी?"

कांता वाढत होती. तिनं वरणाचं भांडं खाली ठेवलं.

"मी बोलावलं," ती म्हणाली. "फांदी टाकली होती त्यानं. वर्षभर याईलेही त्यानंच उचललं. बसू द्या त्याले."

खुशालनं सरकून जागा केली. रसूलभाई बसले. कांतानं स्वतः त्यांच्या पत्रावळीवर भात वाढला, वरण वाढलं, आणि पुढे गेली. त्यांनी भात कालवला, खूप वेळ कालवत राहिले, पण एकही घास त्यांच्या तोंडात गेला नाही.