चौऱ्याहत्तर आकड्याचे सात खड्डे

ईरा, निषाद,

परवा फोनवर ईराने विचारलं, "आजी, हॅव यू एव्हर सीन अ घोस्ट?" मी नाही म्हणाले, आणि ते अगदी खरं आहे. मी आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. कुणी सांगायला लागलं की अमुक बंगल्यात बाई दिसते, तर माझा पहिला प्रश्न असायचा — किती जणांना दिसली, आणि काही न दिसता किती जण तिथून गेले? त्यामुळे मला असल्या गोष्टी फारशा कुणी सांगतच नसत.

पण फोन ठेवल्यावर एक गोष्ट आठवली. भुताची नाही. भीतीचीही नाही. माझ्या वहीत सहा पानं भरून ती लिहिलेली आहे आणि शेवटी उत्तर नाही... ती तुम्हाला सांगते. आमच्या मंडळाच्या अंकातही हे द्यायचं आहे, म्हणून तुम्हाला माहीत असलेलंही थोडं पुन्हा येईल.

साल २०१८, एप्रिल महिना. तेव्हा आम्ही सिंगापुरात सेरंगूनलाच, आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. आजोबा जहाजावरच्या इंजिनियरच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि त्यांनी मेटल डिटेक्टरचा छंद धरला. काठीच्या टोकाला ताटाएवढी गोल कॉइल. ती वाळूवरून झाडू मारल्यासारखी फिरवायची, खाली धातू असला की आवाज येतो. रविवारी सकाळी ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर आजोबा काठी फिरवत पुढे, आणि मी वही घेऊन मागे. वेळ, जागा, खोली, काय सापडलं. बहुतेक वेळा बाटलीची झाकणं. तिथला झाडूवाला अंकल दर वेळी हाक मारायचा, "अंकल, टुडे ऑल्सो नो गोल्ड आह?"

आजोबांचं जुनं मशीन साधं होतं. ओल्या खाऱ्या वाळूत ते गडबडत नसे, पण खिळा काय आणि अंगठी काय, सगळ्याला एकच आवाज. त्या महिन्यात एका दुकानाने त्यांना नवं मशीन पंधरा दिवस वापरायला दिलं होतं. हे एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी सोडतं, खाऱ्या वाळूतही चालतं आणि वर प्रत्येक धातूचा आकडा दाखवतं. शून्य ते नव्याण्णव. बदल्यात एक फॉर्म भरून द्यायचा होता — वजन, बॅटरी, खोली, आणि शेवटचा रकाना 'खोटे सिग्नल', म्हणजे धातू नसताना मशीन किती वेळा वाजलं.

सोमवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात ओमकार. आमच्याच ब्लॉकमधला पुण्याचा मुलगा, आयटीत, पाया लेबारला ऑफिस. त्याची आई, कुसुमताई, पुण्याचं घर आवरून वर्षभरापूर्वी त्याच्याकडे राहायला आल्या होत्या, देव्हाऱ्यासकट.

"काका, तुमचं ते मशीन... पाण्यात चालतं?"

झालं होतं असं. त्यांचं कुलदैवत खंडोबा. त्यांच्याकडे सोमवती अमावास्येला देवाला नदीवर नेऊन आंघोळ घालतात. इथे नदी कुठली? म्हणून समुद्र. ओमकार अर्ध्या दिवसाची रजा काढून आईला घेऊन ईस्ट कोस्टला गेला. कुसुमताईंना पाण्यात उतरवेना, म्हणून त्या तबक घेऊन किनाऱ्यावर बसल्या आणि खंडोबाचा टाक हातात घेऊन ओमकार गुडघाभर पाण्यात गेला. टाक म्हणजे आपल्या देव्हाऱ्यात आहे तसा चांदीचा छोटा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेला देव. लाट आली आणि तो हातातून निसटला.

"दोन्ही हातांनी नाही धरला?" मी विचारलं.

तो खाली बघायला लागला. "एका हातात फोन होता, काकू. मॅनेजरचा कॉल... पण मी म्यूटवर होतो."

आजोबांना हसू आलं होतं, पण पुढचं ऐकून ते थांबलं. कुसुमताईंनी देव घरी येईपर्यंत अन्न सोडलं होतं. दूध आणि केळं, बस्स. आणि त्यांना मधुमेह, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन.

मी लगेच त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "कुसुमताई, देव काही असं सांगत नाही."

"देव नाही सांगत, वहिनी. मी सांगतेय," त्या शांतपणे म्हणाल्या. "पाच पिढ्यांनी सांभाळला. माझ्या लेकाने फोनवर बोलता बोलता घालवला. मला घास कसा जाईल?"

आजोबांनी आधी एक काम केलं. हरवलेल्या वस्तूसारखीच दुसरी वस्तू मशीनखाली धरायची, म्हणजे कोणता आकडा शोधायचा ते कळतं. कुसुमताईंच्या देव्हाऱ्यात भवानीचा टाक होता, त्याच सोनाराचा, त्याच मापाचा.

"देवीला जमिनीवर ठेवणार?" कुसुमताई ताठ झाल्या.

"पाटावर ठेवतो," आजोबा म्हणाले. पाट लाकडी, त्याला खिळे नाहीत हे त्यांनी आधी मशीनने तपासून घेतलं. मग कॉइल दहा वेळा फिरवली. दहाही वेळा चौऱ्याहत्तर. मी वहीत लिहिलं.

अमावास्येनंतर दोन-तीन दिवस ओहोटी सगळ्यात लांब जाते. मंगळवारी सकाळी सातला, उजाडता उजाडता, आम्ही तिघे किनाऱ्यावर होतो. ओमकारने जागा दाखवली, दगडी बांधाच्या उजव्या अंगाला.

"नक्की?" आजोबांनी विचारलं.

"शंभर टक्के, काका."

मी दोऱ्या लावून पट्टे आखले. दोन तासांत अकरा झाकणं, दोन नाणी, एक केसांचा चाप. चौऱ्याहत्तर एकदाही नाही. बुधवारी तेच पट्टे आडवे पालथे घातले. तेही कोरडे. त्या सकाळी कुसुमताईंची साखर इतकी उतरली होती की ओमकारने त्यांना जबरदस्तीने साखरेचं पाणी पाजलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता जेवल्या नाहीत तर ॲडमिट करावं लागेल.

पाणी वर यायला लागलं तसे आम्ही निघालो. आजोबा बांधाच्या डाव्या अंगाने, कोरड्या वाळूतून चालले होते. मशीन बंद करायचं राहिलं होतं. एका मोठ्या बदामाच्या झाडाखाली ते वाजलं.

आजोबांनी मला पडदा दाखवला. चौऱ्याहत्तर.

इथे, पाण्यापासून इतक्या लांब? तरी खणलं. वीतभर, मग हातभर. काही नाही. खड्ड्यावर मशीन धरलं, गप्प. उपसलेल्या वाळूवर धरलं, गप्प. आजोबा म्हणाले, "गंडलं वाटतं." खड्डा बुजवून पाच-सहा पावलं पुढे गेलो, पुन्हा चौऱ्याहत्तर. पुन्हा खणलं, पुन्हा रिकामा.

असं सात वेळा झालं, मुलांनो. सातही वेळा आकडा तोच. पंचाहत्तर नाही, त्र्याहत्तर नाही. तिसऱ्या वेळेपासून आजोबांनी खणण्याआधी बरोबर आणलेलं जुनं मशीनही फिरवून पाहिलं. ते साध्या पिनेलाही ओरडतं, पण तिथे एकदाही वाजलं नाही. मी प्रत्येक जागी आइस्क्रीमची काडी रोवली आणि बदामापासून, बांधापासून टेपने अंतरं घेतली.

"कशाला मोजतेस? खोटे सिग्नल आहेत ते," आजोबा म्हणाले.

"अहो, खोटे असले तरी मोजायलाच हवेत की. तुमच्या फॉर्ममध्ये रकाना आहे."

झाडूवाला अंकल फावड्यावर रेलून बघत होता. "अंकल, यू प्लांटिंग आइस्क्रीम इझ इट?"

दुपारी मी ग्राफपेपर काढला. साती ठिपके मांडले आणि पट्टी लावली. सहा ठिपके जवळजवळ एका रेषेत, बदामापासून निघून तिरके समुद्राकडे. पाचवा तेवढा रेषेच्या बाहेर, डावीकडे दीड मीटर. सहा ठिपके योगायोगाने रेषेत पडू शकतात, मी हे कितीतरी वर्षं फळ्यावर शिकवलं आहे. पण मला राहवेना. कागद घेऊन मी कुसुमताईंकडे गेले. खरं तर त्यांनी अर्धी पोळी तरी खावी म्हणून गेले होते. कागद हे निमित्त.

त्या उशीला टेकून बसल्या होत्या. मी नुसतं म्हटलं, "हा बांध, हे बदामाचं झाड, हा समुद्र. मशीन इथे इथे वाजलं." रेषेबद्दल मी काहीही बोलले नाही. हे मुद्दाम लिहिते आहे.

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.

"तबक मी ह्याच झाडाखाली ठेवलं होतं," त्या म्हणाल्या.

"आई, आपण बांधाच्या पलीकडे होतो ना?" ओमकार दारातून म्हणाला.

"तुझं लक्ष होतं का? खाली लाल फळं पडलेली. मी तबकाला जागा केली ती झाडून." मग त्यांचं बोट ठिपक्यांवरून पुढे सरकत पाचव्यावर आलं. "आणि हे बघ. इथे तुझा फोन वाजला. तू असा बाजूला झालास. मी ओरडले, अरे, हातात देव आहे, ठेव तो फोन."

ओमकार पलंगाच्या कडेला बसला. म्हणाला, "काकू, हे मी तुम्हाला सांगितलं होतं का?"

"नाही."

"मला आठवतच नव्हतं..."

म्हणजे जिथून जिथून तो टाक ओमकारच्या मुठीतून गेला, बरोबर तिथे तिथे दोन दिवसांनी मशीन वाजलं. मुठीतून! जमिनीला तर तो लागलाही नव्हता.

गुरुवारी आम्ही रेषा पुढे वाढवली. मी बदामापाशी उभी राहून दोरी धरली, ओमकार दुसरं टोक घेऊन पाण्याच्या कडेपर्यंत गेला. आजोबा दोरीच्या बाजूने काठी फिरवत निघाले. जिथे काड्या होत्या तिथे मशीन आज एकदाही वाजलं नाही. ओल्या वाळूत शिरले, तरी काही नाही. घोटाभर पाण्यात पोचले आणि थांबले. मला इतक्या लांबून आवाज ऐकू आला नाही, पण त्यांनी हात वर केला.

चौऱ्याहत्तर. आणि जुनं मशीनही वाजलं.

ओमकारने फावडं घेतलंच नाही. गुडघ्यावर बसून हातांनी उपसायला लागला, खड्डा पाण्याने भरत होता, तो उपसत होता. वीतभर खाली त्याची बोटं थांबली. टाक काळा पडला होता, एक कोपरा किंचित वाकला होता. तो त्याने दोन्ही हातांनी धरला. खिशात फोन वाजत होता, त्याने तो काढलासुद्धा नाही.

त्या दिवशी कुसुमताई जेवल्या. वरण-भात, तूप, लिंबू. मी समोर बसून वाढलं. दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हा ओमकार उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

आता उत्तराबद्दल. ओमकार जागा चुकला होता, कारण बांधाच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. कुसुमताईंना आधीच किनाऱ्यावर नेलं असतं, तर त्यांनी जागा दाखवली असती आणि टाक कदाचित त्या रेषेशिवायही सापडला असता. एवढं मला कळतं. पण ते सात खड्डे? वाटलं, भंडारा सांडला असेल. म्हणून मी बशीत हळद घेऊन मशीनखाली धरली. मशीन गप्प. तिसऱ्या खड्ड्यातली वाळू डब्यातून घरी आणली होती, तीही गप्प. दुकानातल्या माणसाने सांगितलं की खारी ओल, फोनचे सिग्नल, जवळची केबल, ह्यांनी मशीन फसतं. मी विचारलं, मग सातही वेळा एकच आकडा? तो म्हणाला, "आंटी, दॅट वन आय डोंट नो लाह."

त्याच महिन्यात आम्ही तिथे आणखी चार वेळा गेलो. बदामाखालून पाण्यापर्यंत, दोन्ही मशीनं घेऊन. एकदाही काही वाजलं नाही. चार फेऱ्या म्हणजे फार मोठा नमुना नव्हे, हे मी कबूल करते.

कुसुमताईंना ह्यात नवल वाटलंच नाही. "तो गेला त्या वाटेने गेला, वहिनी. वाट राहते," त्या म्हणाल्या आणि शेंगा सोलत बसल्या. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. सहमतही झाले नाही.

पंधरा दिवस संपले तेव्हा आजोबा टेबलाशी फॉर्म भरायला बसले. वजन, बॅटरी, खोली, सगळं भराभरा लिहिलं. शेवटच्या रकान्याशी पेन थांबलं.

"खोटे सिग्नल... सात लिहू?"

मी वही उघडली. सातही नोंदी समोर होत्या, वेळेसकट, अंतरासकट.

"नको," मी म्हटलं.

"मग शून्य?"

"तेही नको."

तो रकाना कोरा ठेवूनच फॉर्म गेला. माझ्या हातून अपुरा गेलेला तो एकच कागद. वही माझ्या कपाटात दुसऱ्या खणात आहे. निषाद, तू मोठा होऊन ह्यातलं काही शिकलास, तर ती आधी उघडून बघ आणि मला सांग, तिथे काय लिहायला हवं होतं.

तुमची,
आजी