शाईचा दोष

फोटो हातात आला की मामाजी आधी उठायचे. बसल्या जागी त्यांनी एखादा फोटो पाहिल्याचं मला आठवत नाही. कागद दोन्ही हातांनी कडेला धरून ते पायरीवर जायचे, उन्हाकडे पाठ करून उभे राहायचे आणि म्हणायचे, "बल्ब लबाड हाय, बाबूजी. बाहेर या."

मी बाहेर जायचो. घरात पिवळ्या बल्बखाली जो चेहरा मला झकास वाटला होता, तो बाहेर थंडीत काकडल्यासारखा निळसर दिसायचा. मग ते माझ्याकडे न बघता फोटो परत करायचे. समोरच्याची चूक दाखवताना त्याच्या तोंडाकडे पाहू नये, असा त्यांचा काही नियम असावा.

भंडाऱ्याच्या एका सरकारी कार्यालयात मी बाबू होतो आणि ते शिपाई. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन सात-आठ वर्षं झाली होती. निम्मी माणसं आणि निम्मी कपाटं तिकडे गेली होती, त्यामुळे उरलेले आम्ही जरा जास्तच जवळ आलो होतो. ते माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे. रोज कोंढ्याहून एस.टी.ने यायचे. सगळं ऑफिस त्यांना मामाजी म्हणायचं, मीही म्हणायचो.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल, ज्याच्या हुद्द्याचा आणि अकलेचा काही संबंध नसतो. एका वर्षी ऑफिसला रंग दिला. ठेकेदार शपथेवर सांगत होता की रंग जुनाच आहे, तोच क्रीम. मामाजींनी शर्टाच्या खिशातून जुन्या भिंतीचा पोपडा काढला आणि नव्या भिंतीला टेकवून धरला. "हा जुना. हा नवा. याच्यात हिरवा पडला हाय." बस्स, एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने मुकाट्याने डबे बदलले.

ही नजर आली कुठून, असं मी एकदा विचारलं होतं. नोकरी लागण्याआधी ते राइस मिलमध्ये होते. तळहातावर मूठभर तांदूळ घ्यायचा आणि त्यातला पिवळट, डागी दाणा वेचायचा, हे काम. "पांढऱ्यात लई रंग असतात, बाबूजी," ते म्हणाले. "पाहाले टाइम पाहिजे."

त्याच सुमारास मी हौसेने डिजिटल कॅमेरा आणि घरी फोटो छापायचा प्रिंटर घेतला होता. पहिले फोटो मेहुणीच्या लग्नाचे छापले. सगळी वरात ताडी पिऊन आल्यासारखी लालबुंद. नवरी लाल, भटजी लाल, दाराशी बसलेलं कुत्रंसुद्धा तांबूस. मी कॅमेऱ्याला दोष दिला, कॉम्प्युटरवर रंग पुढे-मागे केले, चकचकीत कागदाचं अख्खं पाकीट वाया घालवलं. सोमवारी ऑफिसात एक फोटो दाखवून रडगाणं गायलो. मामाजी तो घेऊन व्हरांड्यात गेले.

"माणसाचं जाऊ द्या. हे मागचं आंब्याचं झाड पहा. झाड पिवळं काहून हाय?"

"काहून?"

"याच्यात निळं उतरूनच नाही राहिलं."

या माणसाने तोवर प्रिंटर डोळ्यांनी पाहिला नव्हता. मी घरी जाऊन प्रिंटरची तपासणीची पट्टी छापली. फिक्या निळ्या रेघा जागोजागी तुटलेल्या. शाईची नळी चोंदली होती. दोनदा साफ केल्यावर झाड हिरवं झालं आणि भटजी शुद्धीवर आले.

तेव्हापासून सुटीच्या शनिवारी ते बाजाराच्या निमित्ताने भंडाऱ्यात आले की माझ्याकडे यायचे. माझी बायको चहा ठेवायची आणि आम्ही दोघं प्रिंटरपुढे बसायचो. ओला फोटो पाहून मत देऊ नये, अर्धा तास वाळू द्यावा, हे मला त्यांनी शिकवलं. कॉम्प्युटरच्या पडद्याला ते टीव्ही म्हणायचे. "तुमचा टीव्ही भडक हाय, तुमाले फसवते," असं म्हणून त्यांनीच पडद्याचा उजेड कमी करायला लावला. प्रिंटरला कागद कोणता घातलाय ते आधी सांगावं लागतं, नाहीतर तो शाई भसाभसा ओततो, हे मात्र मी शोधून काढलं. त्याचं त्यांनी इतकं कौतुक केलं की मला लाज वाटली. त्यांची शेवटची कसोटी साधी होती. छापलेली वस्तू खऱ्या वस्तूजवळ धरायची. झेंडूचा फोटो झेंडूजवळ, साडीचा साडीजवळ. जुळलं की म्हणायचे, "जसं हाय तसं आलं."

गल्लीत माझं नाव झालं. वाढदिवस, बारसं, साक्षगंध, सगळ्यांचे फोटो माझ्याकडे यायला लागले. स्टुडिओपेक्षा तुमचा रंग चांगला येतो, असं लोक म्हणायचे. मी हसून मान हलवायचो. त्या रंगामागे कोंढ्याचा एक शिपाई आहे, हे मी कुणालाही सांगितलं नाही. पण ही लाज लहान आहे. मोठी पुढे आहे.

त्यांची धाकटी मुलगी सुजाता. डी.एड. झालेली, तब्येतीने किडकिडीत, बोलायला धीट, आणि रंगाने बापावर गेलेली, म्हणजे काळी. सावळी म्हणून वेळ मारून नेता येईल अशी नव्हे, काळीच. तिच्यासाठी स्थळं पाहणं सुरू होतं. लाखनीकडच्या एका घरून फोटो मागितला होता. मामाजी तिला घेऊन माझ्याकडे आले. अंगणातल्या चुन्याच्या भिंतीपुढे ती मोरपंखी साडी नेसून उभी राहिली आणि मी फोटो काढला.

"जशी हाय तशी येऊ द्या, बाबूजी," मामाजी म्हणाले. "संध्याकाळी न्याले येतो."

दुपारी मी एकटाच बसलो. फोटो चांगला आला होता. डोळे चांगले, हसू चांगलं. मी पडद्याकडे बघत राहिलो आणि माझ्या मनात आलं की एवढ्या चांगल्या पोरीला केवळ रंगापायी कुणी नको म्हणू नये. मी जे केलं ते दयेने केलं असं मला तेव्हा वाटत होतं. माउसने फक्त चेहरा, गळा आणि हात निवडले आणि ते दोन पायऱ्या उजळ केले. मग आणखी एक. साडी आणि भिंत तशीच ठेवली. काम इतकं सफाईने झालं की मी स्वतःवर खूश झालो. तीन प्रती काढल्या, वाळवल्या आणि पाकिटात घातल्या.

मामाजी आले तेव्हा दिवे लागले होते आणि त्यांची शेवटची गाडी सुटायला आली होती. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी ते न उघडता पिशवीत ठेवलं.

"पाहून घ्या ना," मी म्हणालो. कशाला म्हणालो कोण जाणे.

"तुमी पाह्यलं ना, मंग झालं," ते म्हणाले आणि स्टँडकडे निघाले.

पाकीट घरीही कुणी उघडलं नाही. मध्यस्थ दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात आला होता, त्याच्या हाती ते तसंच गेलं.

पंधरा दिवसांनी पाहुणे आले. पुढचं मला मामाजींनी ऑफिससमोरच्या टपरीवर सांगितलं. पाहुण्यांनी फोटो सोबत आणला होता. सुजाता पोह्यांच्या बश्या घेऊन आली. मुलाची आत्या फोटोकडे बघे आणि तिच्याकडे बघे. मग ती उठली, तिने फोटो सुजाताच्या गालाजवळ धरला आणि भर बैठकीत विचारलं, "हा दुसऱ्या पोरीचा दिला काय?" कुणीतरी हसलं. पोहे अर्धे टाकून माणसं निघून गेली. जाताना फोटो कॉटवर ठेवून गेली.

हे सांगताना मामाजी बशीत चहा ओतत होते. मग त्यांनी विचारलं, "बाबूजी, फोटोत काही झालं होतं काय?"

खरं सांगायची तीच वेळ होती. समोर दुसरं कुणी नव्हतं. टपरीवाला पोरगा गिऱ्हाईक सोडून पाणी आणायला गेला होता. मी म्हणालो, "शाईचा घोळ असेल, मामाजी. नवी भरली होती. कधी कधी फिकी उतरते."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. एरवी बघत नसत. मग म्हणाले, "असंल. मशीनच ते." त्यांनी चहा संपवला, बशी विसळली आणि माझी बशीही विसळून ठेवली.

त्यानंतरच्या शनिवारी ते आले नाहीत. पुढच्याही नाही. ऑफिसात नमस्कार करायचे, फाइल आणून द्यायचे, चहा सांगायचे. पूर्वी मला एखाद वेळी 'बस ना बाप्पा' म्हणायचे, ते बंद झालं. आता फक्त 'जी, बाबूजी'.

एका रविवारी सुजाता माझ्या घरी आली. एकटीच. तिने बसायला नकार दिला आणि ती प्रत माझ्या टेबलावर ठेवली.

"काकाजी, ही साडी पाहा. मी आज तीच नेसून आली हाय. रंग बरोबर हाय ना?"

मी पाहिलं. बरोबर होता.

"भिंतही बरोबर हाय. मंग शाई काय फक्त माह्याच तोंडावर बिघडली?"

माझी बायको दारात उभी होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि त्या एका नजरेत तिला सगळं कळलं, हे मला कळलं.

"तुझ्या भल्यासाठीच," मी पुटपुटलो.

"मले कोणी विचारलं होतं काय?" तिचा आवाज चढला नाही. "तो मुलगा नाही म्हणाला असता तर मले काही वाटलं नसतं. आधीही दोघं नाही म्हणाले. पण या टाइमले आमी खोटे ठरलो. माहा बाप खोटा ठरला, काकाजी."

तिने माझ्या कॉम्प्युटरमधला फोटो आपल्या समोर पुसायला लावला. पडद्यावरून तो गेल्याची खात्री केली. निघताना म्हणाली, "बाबा म्हणतात मशीन बिघडली. मी काही बोलली नाही. तुमीच सांगा त्याईले."

मी सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. मामाजींना कळलेलं नाही, मुलगी बोलणार नाही, म्हणजे प्रकरण मिटलं. आजही हे लिहिताना त्या सुटकेचीच जास्त लाज वाटते. रेघ तुटली की झाड पाहून ओळखणारा माणूस, त्याने आपल्या पोरीच्या साडीकडे पाहिलं नसेल, हे मी स्वतःला पटवून दिलं.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. ऑफिसने निरोप दिला, शाल आणि नारळ. नव्या पांढऱ्या शर्टात ते अवघडून खुर्चीत बसले होते. कॅमेरा माझ्याकडेच होता. मी फोटो काढला. साहेब म्हणाले, "चांगला मोठा छापून द्या हो यांना."

मामाजी हसले. सगळ्यांसमोर, मोकळेपणी. "छापा बाबूजी. पण मले काळाच ठेवजा."

सगळं ऑफिस खळखळून हसलं. मोठे साहेबही हसले. मी कॅमेऱ्याचं झाकण शोधायला खाली वाकलो आणि बराच वेळ वाकूनच राहिलो.

तो फोटो मी तीन दिवस छापत होतो. दारात, अंगणात, सकाळच्या आणि दुपारच्या उजेडात तपासत होतो. अकरावी प्रत त्यांच्यासारखी आली. ती घेऊन मी कोंढ्याला जाणार होतो आणि तेव्हाच बोलणार होतो. महिनाभर पाकीट कपाटात राहिलं. शेवटी त्यांच्या गावच्या बाजूला राहणाऱ्या एका शिपायाच्या हाती पाठवून दिलं.

आणखी तीन वर्षं गेली. एक दिवस ऑफिसात कळलं की मामाजी गेले. चार दिवस ताप होता म्हणे. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी कोंढ्याला गेलो. अंगणात मांडव होता, माणसं जेवायला बसली होती. आत बुद्धाच्या तसबिरीखाली तोच फोटो फ्रेम करून ठेवला होता. सुजाता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली होती. तिचं लग्नही झालं होतं. नवरा पंगतीत वरणाची बादली घेऊन फिरत होता.

तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी पाणी प्यालो आणि म्हणालो, "सुजाता, तेव्हा शाईत काही दोष नव्हता."

"मले माहीत हाय, काकाजी."

"मामाजींना?"

"त्याईले तर त्याच दिवशी दिसलं होतं. पाहुणे गेल्यावर फोटो घेऊन आंगणात उभे राह्यले लई वेळ. मले म्हणाले, बाबूजीले काही म्हणू नको, ते सांगतील. मंग तुमाले जाऊन विचारलं. तुमी शाई म्हणाले. मंग लोकांले तेही मशीनच सांगत, अन् मी तुमच्याकडे आली ते त्याईच्या चोरून. तरी बाबा म्हणत, येतील एखाद्या दिवशी."

मी रिकामा ग्लास खुर्चीखाली ठेवला.

"दिवाळीच्या आधी अड्याळच्या बाजारात दिसले होते म्हणे तुमी त्याईले," ती म्हणाली. "घरी येऊन सांगत होते. बाबूजी कामात होते, म्हणून आवाज नाही देल्ला."

मग तिला कुणीतरी बोलावलं आणि ती वाढायला गेली.

मी अड्याळच्या बाजारात होतो, हे खरं आहे. कामात मात्र नव्हतो. भाजीच्या रांगेच्या टोकाला ते हातात पिशवी घेऊन उभे असलेले मला दुरून दिसले आणि मी झटकन वळलो. समोर दोरखंडाचं दुकान होतं. माझ्याकडे ना शेत ना बैल. तरी ते बाजूने निघून जाईपर्यंत मी तिथे पाठमोरा उभा होतो, हातात कासरा घेऊन, दुकानदाराला त्याचा भाव विचारत.