विस्कटलेल्या टिकल्या

कारखान्यात तिचं खरं नाव फक्त हजेरीपुस्तकात उरलं होतं. बाकी सगळ्यांना ती टिकलीमावशी, कारण दिवसभर ती लोखंडाला टिकल्या लावायची.

बावीस वर्षांपूर्वी ती आली पॅकिंगमध्ये खोकी बांधायला. पुढे वस्तूचा चहूबाजूंनी आकार टिपणारं स्कॅनर आलं, आणि ते चालवणारा माणूस तीन महिन्यांत नोकरी सोडून गेला. यंत्र फडक्याखाली धूळ खात पडलं. मावशीला कुठलीही वस्तू फुकट पडलेली बघवत नाही. जेवणाच्या सुट्टीत तिने फडकं काढलं, पुस्तिकेतली चित्रं पाहिली आणि आपल्या डब्याचं झाकण स्कॅन केलं. पडद्यावर झाकण गरगर फिरलं, तेव्हा ही बाई रिकाम्या खोलीत एकटीच टाळ्या वाजवत होती. तेव्हापासून ते यंत्र तिचंच झालं.

काम ऐकायला सोपं. यंत्र वस्तूवर प्रकाशाचे पट्टे टाकतं आणि पट्टे कुठे कसे वाकले त्यावरून उंचसखलपणा ओळखतं. चकचकीत धातूवर पट्टे नीट दिसत नाहीत, म्हणून आधी पांढरी भुकटी फवारायची. मोठी वस्तू एका दमात मावत नाही, म्हणून तिच्यावर गोल टिकल्या चिकटवायच्या. टिकल्यांमधल्या अंतरांवरून यंत्राला कळतं की आपण आता नेमके कुठे आहोत, आणि ते तुकड्याला तुकडा जोडत जातं.

मावशीचा नवरा शिंपी. "म्हणजे माझ्यासारखंच की. मापं घ्यायची," तो म्हणायचा.

"तुमची गिऱ्हाईकं पोट आत घेतात," मावशी म्हणायची. "माझी नाही घेत."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना नवे साहेब आले. माणूस हुशार, पण टापटिपीचा भारी सोस. टेबलावरची पेन्सिलसुद्धा त्यांना सरळ रेषेत लागायची. मावशीच्या टिकल्या पाहून त्यांनी नाक मुरडलं. "हे काय, मूठभर उधळल्यासारखं? आणि मावशी, हे काम पदवीवाल्यांचं आहे. पुढच्या महिन्यापासून तुम्ही परत पॅकिंगला."

मावशी खाली मान घालून उरलेल्या टिकल्या लावत राहिली. घरी जाऊन मात्र नवऱ्यासमोर ढसाढसा रडली.

त्याच आठवड्यात पंपघरातून एक चाक आलं. गावाच्या वरच्या वस्तीला पाणी चढवणाऱ्या पंपाचं हे चाक, सात पात्यांचं, आणि मधोमध तडा गेलेलं. बनवणारी कंपनी केव्हाच बंद झालेली, नकाशा कुणाकडेच नाही. स्कॅन करायचं, त्यावरून नवं ओतायचं, एवढा एकच मार्ग होता. वस्तीचे नळ कोरडे पडले होते.

साहेबांनी स्वतः बाह्या सरसावल्या. पट्टी घेऊन प्रत्येक पात्यावर, अगदी सारख्या अंतरावर, सरळ ओळीत टिकल्या लावल्या. मावशीला राहवलं नाही. "साहेब, इतक्या शिस्तीत नका लावू. पाती सगळी सारखी, त्यात टिकल्याही सारख्या. यंत्राला हे पातं कुठलं नि ते कुठलं कळायचं नाही."

"गबाळं काम मला चालत नाही, मावशी."

पडद्यावर चाक देखणं दिसलं. तसंच ते ओतलं, पंपात बसवलं, आणि चालू करताच पंप असा थडथडला की पंप चालवणाऱ्या काकांनी धावत जाऊन बटण बंद केलं. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी ओतकाम करणाऱ्यांना फैलावर घेतलं.

मावशीने मात्र बारीक मापं घ्यायचं कॅलिपर उचललं. तडा गेलेल्या चाकावर पात्यापात्यांतलं अंतर मोजलं, मग पडद्यावरच्या चाकाचं यंत्राकडून मोजून घेतलं. "हे बघा. जुन्यात सगळी अंतरं सारखी. तुमच्यात एक पातं चार मिलिमीटर सरकलंय. यंत्राने एका पात्याचा तुकडा दुसऱ्याला जोडला."

साहेबांनी कॅलिपर घेऊन जुनं चाक स्वतः पुन्हा मोजलं. मग मावशी म्हणाली, "मला एकदा करू द्या. नाही बसलं, तर मी आपल्या पायांनी पॅकिंगला जाते."

बोलून गेली खरी, आणि मग तिची पाचावर धारण बसली. एवढी जोखीम तिने जन्मात घेतली नव्हती. तरी ती कामाला लागली. तिने भुकटी फवारली, टिकल्या लावल्या: इथे तीन, तिथे एक, कडेला दोन वाकड्यातिकड्या. एका पात्याची ठेवण दुसऱ्याशी जुळणार नाही, हे तिने पुन्हा पुन्हा पाहिलं. स्कॅन झाल्यावर सातही अंतरं मोजली, एकदा नव्हे, तीनदा. मगच ओतायला सोडलं.

चाक बसवलं त्या सकाळी पंपघरात पाय ठेवायला जागा नव्हती. काकांनी बटण दाबलं. पंप घुमू लागला. त्यांनी त्याच्या अंगावर तळहात ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला.

"हलतच नाही हो!" ते ओरडले.

थोड्या वेळाने वरच्या वस्तीतून फोन आला. पाणी चढलं होतं, बायका बादल्या घेऊन धावत होत्या. काकांनी विचारलं, "मापं घेतली कुणी?" सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब बाजूला झाले आणि म्हणाले, "यांनी. माझं चुकलं होतं."

मावशीचा ऊर भरून आला. घरी जाताना ती रस्त्याच्या मधोमध चालत होती, आणि हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षावाल्याकडे पाहून चक्क हसली. तिच्या हातून एका अख्ख्या वस्तीला पाणी मिळालं होतं आणि हे तिला ठाऊक होतं.

सोमवारी ती कामावर आली, तेव्हा साहेब स्कॅनरपाशी एका बुटक्या स्टुलावर बसले होते. मांडीवर टिकल्यांचा कागद.

"मावशी, शिकवता?"

मावशीने त्यांच्या बोटांकडे पाहिलं. पेनाची शाई, यंत्राचं ग्रीस.

"आधी हात धुऊन या," ती म्हणाली.

साहेब उठले आणि निमूटपणे नळाकडे गेले.