पाण्याची सोय

चूक माझी आहे आणि ती माझ्याच हस्ताक्षरात आहे. ‘मोठ्या वळणावर, वडाखाली कौलारू घर. पाण्याची सोय आहे.’ एवढंच मी लिहिलं होतं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी पुण्यात एका कचेरीत कारकून होतो. भाड्याच्या खोलीत एकटा राहायचो. आईवडील गेले होते, लग्न जमलं नव्हतं आणि ते जमवणारंही कुणी उरलं नव्हतं. शनिवारी दुपारी कचेरी सुटली की सोमवारपर्यंत माझ्याशी कुणी बोलत नसे. म्हणून मी रविवारी सकाळी सायकल काढायचो. चांदणी चौकाचा चढ, पिरंगुटचा घाट, पौडला चहा आणि पुढे मुळशीचं धरण. धरणाच्या काठानं ताम्हिणीकडे जाणारा रस्ता तेव्हा बराचसा खडीमातीचा होता. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला जंगल. आत कुठे कुणी लाकूड तोडत असलं की मी सायकल थांबवून तो आवाज ऐकत उभा राहायचो. तेवढीच माणसाची चाहूल.

त्या घरापुढे पहिल्यांदा थांबलो तो चेन पडली म्हणून. हात काळे झालेले. घरातून पन्नाशीची एक बाई आली. नवरा वारलेला, मुलगा मुंबईला कामाला, घरात ती एकटीच. तिनं माझ्या हातावर पाणी घातलं आणि तांब्याबरोबर गुळाचा खडा दिला.

“नुसतं पानी द्यायचं न्हाई पाव्हण्याला,” ती म्हणाली. “येवढ्या लांब कशापायी आलास?”

“सहज. धरण बघायला.”

“आन् बघून?”

“परत जायचं.”

ती हसली. “घरी वाट बघणारं कुनी न्हाई वाटतं!”

टोमणा होता, पण खरा होता. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी मी तिथे थांबू लागलो. मी तिला मावशी म्हणायचो. सायकल वळणावर दिसली की ती अंगणातूनच विचारायची, “आलास व्हय?” उत्तर देण्यासारखं त्यात काही नसे. तरी तेवढ्यासाठी मी पिरंगुटचा घाट चढत असे.

पुढच्या हिवाळ्यात कचेरीतल्या एकानं मला सायकलवर फिरणाऱ्या मंडळींत नेलं. दहाबाराजण होते, सगळे एकमेकांना टाळ्या देणारे. मुळशीचा रस्ता कुणालाच नीट ठाऊक नव्हता. मी बोलायला लागलो तसे सगळे ऐकायला लागले. असं माझ्या बाबतीत पूर्वी कधी झालं नव्हतं. “तूच लिहून काढ,” ते म्हणाले. मी स्टेन्सिलवर चढ, उतार, फाटे सगळं काढलं आणि शेवटी, कुणी न मागता, ती ओळ घातली. कचेरीतल्या यंत्रावर प्रती काढल्या. त्या रविवारी चांदणी चौकात ते माझ्यासाठी थांबले होते.

हिवाळ्यात घराखालीच पाणी असतं. उन्हाळ्यात धरण ओसरतं, पाणी खोल दरीत जातं आणि मध्ये भेगाळलेला गाळ उरतो. मावशीच्या सासऱ्याचं जुनं घर धरणात गेलं होतं. मे महिन्यात त्याचं दगडी जोतं उघडं पडायचं आणि त्याच जोत्यावरून चालत ती पाण्याला जायची. हे मला ठाऊक होतं. लिहिताना मला ते आठवलं नाही, असं म्हटलं तर खोटं ठरेल. मी ते आठवू दिलं नाही.

मे महिन्यात एकदा मी एकटाच गेलो. ओसरीवर सातजण बसले होते, शहरातले, माझ्या ओळखीचे नाहीत. एकजण तांब्यानं तोंड धूत होता, दुसरा मानेवर पाणी ओतून घेत होता. मावशी खालून चढ चढत येत होती. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, पाय गुडघ्यापर्यंत गाळानं माखलेले.

“पानवठ्यावर गुरं यावीत तसं चाललंय महिनाभर,” हंडा उतरवून ती मला हळूच म्हणाली. “तुज्या गावचीच दिसतायत. ह्यास्नी हे घर कुनी सांगितलं असंल रं?”

माझ्या तोंडून निघालं, “काय माहीत, मावशी.”

“रस्त्यानंच सांगितलं असंल,” ती म्हणाली आणि डब्यातला गूळ फोडायला बसली. पाणी मागितलं तर नाही म्हणायचं नसतं, हे तिला शिकवलेलं होतं.

परतल्यावर मी मंडळींना ती ओळ काढून टाकायला सांगू शकलो असतो. पण मग कारण सांगावं लागलं असतं. आणि ते आता दर रविवारी माझ्यासाठी थांबत होते. उलट एकजण हसत म्हणाला, “तुझ्या त्या सोयीत हल्ली गूळ मिळत नाही हं!” सगळे हसले. मीही हसलो.

जूनच्या तोंडाशी पौडला टायर पंक्चर झालं. सायकलच्या दुकानातले चाचा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होते. “वळणावरची बाई पडली, ऐकलं का?” ते म्हणाले. “गाळात पाय घसरला. मांडीचं हाड मोडलंय. एका दिसात चवथी खेप हुती म्हनं.” मग खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. “ह्यो कागद घिऊन येत्यात लोकं. अक्षर मात्र लई झ्याक हाय. कुनाचं वो?”

मी पैसे दिले आणि पुण्याकडे वळलो. मावशीकडे जायला तिथून दीड तासही लागला नसता.

पुढची सात वर्षं मी त्या रस्त्याला गेलो नाही. मंडळींतून हळूहळू गळलो. मुठेच्या खोऱ्यात एकटा फिरायचो. तिथे कुणाच्याही दारात थांबलो नाही, पाणी घरूनच न्यायचो. कधी मागून कुणी हाक मारल्यासारखं वाटलं तरी वळून बघत नसे.

मग कचेरीत नवीन लागलेला एकजण टेबलाशी आला. “तुम्ही पूर्वी सायकलवर फिरायचात ना? हा रस्ता बरोबर आहे का बघा.” कागद आता टंकलेला होता, अक्षर माझं नव्हतं. पण खाली ती ओळ तशीच होती. पाण्याची सोय आहे. म्हणजे एवढी वर्षं लोक तिथे जातच होते. मी ओळ खोडली, कागद मागून घेतला आणि रविवारी निघालो.

मावशी ओसरीवर बसली होती. काठी शेजारी, एक पाय लांब केलेला. तिनं कपाळावर हात धरून बघितलं.

“आलास व्हय?”

ती काठी टेकून उठायला लागली, पाण्यासाठी. मी म्हणालो, “बस, मावशी. पाणी नको. आधी हे ऐक.” आणि खोडलेली ओळ तिला वाचून दाखवली. हे मीच लिहिलं होतं आणि तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो, हेही सांगितलं.

तिनं कागद हातात घेऊन उलटसुलट करून बघितला. तिला वाचता येत नव्हतं.

“सोय?” ती म्हणाली. “हितं कसली आलीय सोय? हितं तर मी व्हते.”

रस्त्यानं घोकत आलेलं सगळं विसरलो. ओसरीखाली मातीत बसलो, तिच्या लांब केलेल्या पायाला हात लावला आणि म्हणालो, “चुकलो, मावशी. तुझा पाय माझ्यामुळे मोडला. मला माफ कर.”