शिसपेन्सिलीतलं शिसं

माझ्या नवऱ्याला, सुहासला, पट्ट्या करता येतात. माणसांशी बोलता येत नाही. रत्नागिरीच्या एका कॉलेजात तो प्रयोगशाळा सांभाळतो. ग्राफीनची, म्हणजे कार्बनचीच, काळी शाई पट्टीवर छापायची, वर पाण्याचा थेंब ठेवायचा, पट्टी यंत्राला जोडायची. वीज सोडली की पाण्यातलं शिसं पट्टीवर गोळा होतं आणि सुटताना मोबाईलवरच्या आलेखात उंच टोक उठतं. जेवढं टोक उंच, तेवढं शिसं जास्त. ह्या टोकापायी हा बाबा जेवायचं विसरतो.

मी दापोलीकडे, गावी असते, अंगणवाडी चालवते. आमच्या गावातला महिपत विहिरीला लागूनच जुन्या बॅटऱ्या फोडतो, शिसं वितळवतो आणि हर्ण्याच्या होड्यांसाठी जाळ्यांची वजनं ओततो. त्याची नात आरोही माझ्याकडे येते. पोरीचं पोट सारखं दुखतं, तोंड पांढरंफटक, काल शिकवलेलं आज आठवत नाही. मला राहवेना. सुहास शनिवारी आला तेव्हा अंगणवाडीच्या माठातलं विहिरीचं पाणी त्याच्यासमोर ठेवलं. टोक असं उठलं की त्यानं पट्टी बदलून पुन्हा दोनदा तपासलं.

गावाला सांगायला पंचायतीच्या ओट्यावर गेलो. महिपतनं विचारलं, "ह्या काळ्या पट्टीत काय हाय?"

आमचं शहाणं म्हणतं कसं, "काही नाही काका, आपल्या शिसपेन्सिलीत असतं ना, तेच. फक्त अगदी पातळ."

झालं! हात दाखवून अवलक्षण!

"ऐकलात?" महिपत उठलाच. "शिसपेन्सिल! शिसं ह्यानंच घातलंन विहिरीत!"

"अहो, पेन्सिलीत शिसं नसतंच! नुसतं नाव तसं!" सुहास म्हणाला.

"मग आमचे बापजादे काय येडे होते शिसपेन्सिल म्हणायला?"

चोराच्या उलट्या बोंबा, आणि अख्खा ओटा हसतोय. तेवढ्यात मागून कुणीतरी बोललंच, "ह्यांचा हात विहिरीला लागला, की हेच व्हायचं."

'ह्यांचा' म्हणजे आम्हा बौद्धवाडीतल्यांचा. माझं डोकंच फिरलं. "जळो तुमची जीभ!" मी ओरडले. "सुहासनं विहिरीला बोट लावलेलं नाही. विष ओततोय तुमचा महिपत, आणि पितायत तुमचीच पोरं!" सुहासनं मला दंड धरून घरी आणलं. त्याचाही राग आला मला. मेल्याला 'कोळसा' म्हणायला काय झालं होतं?

पुढं सुहासनं तेच पाणी मोठ्या प्रयोगशाळेत तपासून आणलं. तिथंही शिसंच निघालं. गाव म्हणालं, तिथं त्याचेच दोस्त बसलेत.

मी अंगणवाडीत विहिरीचं पाणी बंद केलं आणि आमच्या वाडीतल्या बोअरिंगचा हंडा आणून ठेवला. तर दुसऱ्याच दिवशी महिपतची बायको गोदा दारात हजर, हातात भरलेली बाटली.

"आमच्या पोरीला तुमच्याकडचं पाणी नको. घरचं, विहिरीचं आणलंय."

"गोदाकाकी, पाया पडते तुमच्या. ते पाजू नका तिला."

"तू नको शिकवू मला."

आरोही कोपऱ्यात बसून होडी काढत होती, मधूनमधून पेन्सिलीचं टोक चावत. गोदानं झडप घालून पेन्सिल हिसकावली आणि दाराबाहेर भिरकावली.

"तोंडात घालतेस? शिसं असतं त्यात!"

पोर रडायला लागली. गोदानं तिला मांडीवर घेतलं, डोळे पुसले, आणि बूच काढून बाटली तिच्या तोंडाला लावली. तहानलेली पोर घटाघटा प्यायली.